महिपतीच्या नावेतली आडवी फळी

महिपती कोळ्याला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो खांदा दाबत बसला होता. चाळीस वर्षं मंद्रूपच्या बाजाराची माणसं भीमेपार नेऊन तो खांदा पार कामातून गेला होता. एकोणीसशे एकतीसच्या पुरात घाटाशेजारची दरड ढासळली आणि गाळातून एक फार जुनी नाव उघडी पडली. ती बघायला मी सोलापुरातून टेप आणि वही घेऊन आलो होतो. हायस्कुलात इतिहास शिकवत असल्यानं आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

महिपतीच्या नावेत मागच्या अंगाला तळावर एक आडवी फळी ठोकलेली होती. महारवाड्यानं तिच्या मागं बसायचं, हा गावाचा दंडक. सारजाबाई सुईण तिथंच बसे. महिपतीची चारही पोरं तिच्या हातावर जन्मलेली. तिला "मागं बसा" म्हणताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण फळी काढली तर गाव घाटावर नाव चालवायचा हक्क काढून घेईल, ही धास्ती होती.

जुन्या नावेच्या तळावर मला खुंट्यांच्या भोकांची आडवी ओळ दिसली. मी खुशीत म्हणालो, "बघा, तेव्हाही अशीच फळी होती!"

महिपती माझ्याशेजारी उकिडवा बसला. "मला वाटलं, त्या जुन्या लोकांच्यात तरी नसंल," म्हणाला. मग सवयीनं त्यानं तळावरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ फिरवत राहिला.

"भोकं बुजवल्यात, मास्तर. वर पाय घासून घासून गुळगुळीत झाल्यात. फळी काढली हुती कुणीतरी. त्येच्यानंतर लई सालं चालली ही नाव."

मला माझीच लाज वाटली. मी टेप गुंडाळला.

तो पहार घेऊन आपल्या नावेत गेला. मी मदतीला गेलो, तर नको म्हणाला. फळी निघेपर्यंत तीनदा थांबला. "घाट गेला तर जाऊ दे," म्हणाला. "दमलो आता."

दुपारी पाटलाचा गडी पुढं येऊन बसला. मागून सारजाबाई गाठोडं घेऊन आली. फळी नव्हती, तरी ती आपल्या नेहमीच्या जागी मागंच बसली.

"मदी सरका, सारजाबाय. नाव मागं दबतीया."

त्या हडकुळ्या म्हातारीनं नाव कशाची दबते? ती त्याच्याकडं बघत राहिली. मग वीतभर पुढं सरकली. पाटलाचा गडी उठला आणि काठावर उतरला.

महिपतीनं त्याला जाऊ दिलं, बांबू रोवला आणि नाव सोडली.