गुडघ्यातला तुरा

बाळीवेशीतल्या आमच्या बोळात ईरम्माक्कांचं घर कुणाला विचारावं लागत नाही. मुसळाचा आवाज ऐकत जायचं. आवाज थांबला की घर आलं. कारण दारात माणूस दिसलं, की अक्का मुसळ भिंतीला टेकवतात, त्याच्या तळहातावर चिमूटभर शेंगाचटणी ठेवतात आणि मग विचारतात, "कोण तुमी?"

नवरा कामाला होता ती कापडगिरणी बंद पडली, तेव्हा अक्कांनी उखळ माजघरातून अंगणात आणून मांडलं आणि शेंगाचटणी विकायला काढली. त्या उखळावर दोन पोरींची लग्नं झाली आणि अक्कांचे दंड असे झाले, की बोळातली पोरं त्यांच्याशी पंजा लढवायला अजून तयार होत नाहीत. पण हे सगळं पोटासाठी. अक्कांची खरी ओळख लेझीम.

सोलापुरात गणपतीची मिरवणूक म्हणजे लेझीम, हे सोलापूरकराला सांगायला नको. पूर्वी मात्र ती पुरुषांची. आमच्या मंडळाची पोरं बोळात सराव करायची आणि अक्का उखळापाशी बसून त्यांच्या चुका मोजायच्या. एकदा राहवलं नाही. म्हणाल्या, "आरं, ठेका एकीकडं आन् पाय एकीकडं. आमी बायका याच्यापेक्षा बरं खेळू की."

"मग खेळा," अध्यक्ष हसत म्हणाले. लेझमी मात्र देईनात.

अक्कांनी मागितल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोळातल्या बायका उलथनी, पळ्या आणि झाकण्या घेऊन हजर. तो आवाज आठवडाभर सहन केल्यावर अध्यक्षांनी लेझमींचं पोतं स्वतःच्या खांद्यावरून आणून अक्कांच्या दारात टाकलं. हलगी वाजवायला कोपऱ्यावरचे बंदेनवाज आपण होऊन आले. म्हणाले, "अक्का, पळीवर ताल धरणाऱ्या बायका लेझीम मिळाली तर काय करतील, मेरेकू देखना है."

तेव्हापासून मंडळापुढे बायकांचा ताफा चालतो. सगळ्यांच्या फेट्याला पाठीवर रुळणारा शेमला, आणि एकाच फेट्यावर खळ लावलेला, मोरपिसाऱ्यासारखा उभा तुरा. तो पुढच्या बाईचा, म्हणजे अक्कांचा.

तुऱ्याला नियमही होता आणि तो अक्कांनीच केलेला. लेझमीत बैठकीचा डाव असतो. हलगी बदलली की सगळ्यांनी एकदम खाली उकिडवं बसायचं आणि बसल्या बसल्या खेळायचं. "जी बसंना, ती पुढं न्हाय," हा तो नियम. अध्यक्षांच्या पत्नी केराबाई एकदा अर्ध्यातच थांबल्या, तर अक्कांनी भर सरावात विचारलं, "ही बैठक हाय का स्टूल?" आणि अध्यक्षीणबाईंना मागच्या रांगेत धाडलं. केराबाई वर्षभर घरातल्या घरात उठाबशा काढत होत्या. अध्यक्षांना वाटायचं, नवस बोलली असेल. पुढच्या वर्षी त्या पहिल्या रांगेत परतल्या, आणि आज त्यांच्याइतकी खोल बैठक ताफ्यात कुणाची नाही.

तर अशा अक्कांचा गुडघा गेल्या वर्षी वाजायला लागला. उठताना कट, बसताना कटकट. बंदेनवाज म्हणाले, "राहू द्या अक्का, ठेक्यातच वाजतोय." अक्का हसल्या, पण त्या संध्याकाळी उखळापाशी पाटावर बसल्या त्या कुणीतरी हात दिल्याशिवाय उठल्या नाहीत. मिरवणुकीला तीन महिने होते. अक्कांना भीती वाटायची ती एवढीच, की नियम आपला आणि गुडघाही आपलाच.

डॉक्टर उत्कर्षा याच बोळातली. शाळेत असताना अक्कांच्या ताफ्यात शेवटच्या रांगेत खेळायची. तिनं गुडघ्याचा फोटो उजेडाला धरून दाखवला. "अक्का, हाडांच्या मधली गादी झिजलीय. आणि सांध्यात जे वंगण असतं, ते पातळ झालंय."

"म्हंजे चटणीला तेल सुटलं न्हाय की मुसळ जड जातं, तसं?"

"तसंच. तसलंच वंगण इंजेक्शननं आत सोडता येतं. पण आधी सांगते, झिजलेलं भरून येत नाही. काहींना पाच-सहा महिने बरं वाटतं, काहींना फारसा फरक पडत नाही. आणि मांडीचे व्यायाम रोज करायचे."

अक्का तयार झाल्या. घरी येऊन सांगितलं, आणि तिथं घोटाळा झाला. बंदेनवाजांची अर्शी औषधशास्त्र शिकते. ती सहज बोलून गेली, "हां, ते पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे."

अक्कांच्या हातातलं मुसळ तिथंच राहिलं. गळ्यातल्या लिंगाला हात गेला. अंड्याचा केकसुद्धा दारातून परत पाठवणारी बाई. "शिवशिवा. कोंबडा घालून घेऊ गुडघ्यात? ब्याड ब्याड, नको मला. लंगडत जाईन वर."

बंदेनवाज गंभीर झाले. "अक्का, तुमचं ऱ्हाऊ द्या. मेरा भी घुटना दुखताय. मला हे विचारायला पाहिजे, की कोंबडा हलाल होता का."

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून दवाखान्यात. एकीला कोंबडा नको आणि दुसऱ्याला चालेल पण रीतसर पाहिजे. उत्कर्षानं तोंडावरचा मास्क काढला, कारण तिला हसायचं होतं. मग नीट समजावलं, की तसलंही असतं, पण ती देणार त्यात कोंबडा नाही. हे जंतूंकडून करवून घेतात, विरजण लावल्यासारखं.

"जंतू म्हंजे जीवच की," अक्का म्हणाल्या.

"दह्यात पण असतात, अक्का."

अक्कांनी बराच विचार केला. दही त्या रोज खातात. "बरं. मग टोच."

सुई टोचली तेव्हा अक्का छताकडं बघत मनात ठेका मोजत होत्या, असं उत्कर्षा सांगते. बंदेनवाजांनी मात्र, हलालचा प्रश्न सुटल्यावरही, सुईची लांबी बघून "मेरा थोडा कमी दुखताय" म्हणून काढता पाय घेतला.

बोळात अर्थातच अर्धीच बातमी पोचली. अक्कांच्या गुडघ्यात तुरा घातलाय. भाजीवाली विचारायची, पोरं विचारायची. अक्का ओरडून सांगायच्या, "तुरा न्हाय, दही हाय दही." त्यामुळे आता अर्धा बोळ तुरा म्हणतो आणि अर्धा दही.

पण गुण आला. महिन्याभरात अक्का जिना चढायला लागल्या. सरावाला उभ्या राहिल्या, चालीचे डाव खेळल्या, आणि गुडघा गप्प होता. उत्कर्षानं फक्त एक बंदी घातली. "सगळं खेळा. उकिडवं बसायचं नाही."

म्हणजे नेमकं तेच.

अक्कांनी दुसऱ्या दिवशी सरावात तुऱ्याचा फेटा डोक्यावरून उतरवला आणि केराबाईंच्या हातात दिला. "नियम माझाच हाय. मी बसत न्हाय. तू पुढं."

केराबाईंनी फेटा घेतला, उलटसुलट बघितला आणि परत अक्कांच्या डोक्यावर ठेवला. "माझं डोकं लहान हाय. ढिला होतो." एवढं बोलून त्या आपल्या जागेवर गेल्या. बाकीच्या बायकांची डोकीही त्या संध्याकाळी अचानक लहान झाली.

अक्का पुढं राहिल्या, पण मनातून हलल्या होत्या. बंदेनवाज मला म्हणाले, "देखो, ही बाई चौकात बसणार. मरंल पण बसणार."

मिरवणूक मधल्या मारुतीच्या चौकात आली. तिथं बैठकीचा डाव व्हायचाच, लोक त्यासाठीच थांबलेले असतात. उत्कर्षा गर्दीत उभी, डोळे अक्कांच्या गुडघ्यावर. बंदेनवाजांनी हलगीचा तोच तोच ठेका लांबवत नेला, बदलेचनात. अक्कांनी मागं वळून त्यांच्याकडं असं बघितलं, की हलगीनं आपण होऊनच ठेका बदलला.

सगळा ताफा सर्रकन खाली बसला. अक्काही वाकल्या. अर्ध्यापर्यंत आल्या. ओठ दाबलेले.

पहिल्या रांगेतून, उकिडव्या बसलेल्या केराबाईंचा आवाज आला. "अक्का, ही बैठक हाय का स्टूल?"

अक्का थबकल्या.

"धड बसायचं तर बसा, न्हायतर सरळ उभ्या ऱ्हावा. अर्धं चालत न्हाय हितं. तुमीच सांगितलंय की."

अक्कांना हसू फुटलं. आणि त्या हसत हसत सरळ झाल्या. पूर्ण सरळ. लेझीम डोक्याच्या वर नेली आणि तिथूनच ठेका धरला. खाली जमिनीलगत चाळीसएक फेटे डावी-उजवीकडं डुलतायत, आणि त्यांच्यापुढं एकटी बाई उभी, वर तो तुरा थरथरतोय. लोकांना वाटलं, बाळीवेसवाल्यांनी नवा डाव बसवला. टाळ्या अशा पडल्या, की हलगी ऐकू येईना. उत्कर्षा टाळ्या वाजवताना रडत होती, आणि विचारलं तर म्हणाली, गुलाल गेला डोळ्यात.

मिरवणूक संपल्यावर अक्कांना कुणी घरी पोचवावं लागलं नाही, अक्का स्वतःच चालत आल्या. सकाळी मुसळाचा आवाज वेळेवर सुरू.

पुढं इंजेक्शनचा गुण थोडा ओसरला. अक्का व्यायाम करतात, कुरकुरतात, उखळापुढं आता स्टूल आहे. होय, स्टूल. त्यावरून केराबाई जे बोलतात ते लिहिण्यासारखं नाही.

यंदाच्या मिरवणुकीत आम्ही अक्कांना घेऊन रस्त्याकडेच्या कठड्यापाशी उभे होतो, आपल्या ताफ्याचा नंबर यायचा होता. त्याआधी तीन मंडळं गेली. तिन्ही मंडळांत बैठकीच्या डावाला सगळे बसले, आणि पुढचा माणूस, तुरा लावून, ताठ उभा. एक तर विशीतला पोरगा होता.

"बघा अक्का," मी म्हटलं, "तुमचा डाव सगळ्या सोलापुरानं उचलला."

अक्कांनी मान उंच करून तिघांनाही नीट बघितलं. तुरा सारखा केला आणि ताफ्याकडं निघता निघता म्हणाल्या, "ह्यांचे गुडघे चांगले हायत की. मग ह्यांना बसायला काय होतंय?"