माझ्या हातचं विरजण

ताई सिंकमध्ये दही ओतत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. दही इतकं घट्ट की नळ पूर्ण सोडला तरी जाळीत अडकून बसलं. मग तिने ते बोटांनी ढकललं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. टेबलाशी तिच्या सासूबाई बसल्या होत्या, पुण्याहून मुलाकडे राहायला आलेल्या. म्हणाल्या, "भांडंही घासून घे गं. गरम पाण्याने."

दुपारी जेवताना याच काकू म्हणाल्या होत्या, "अगदी आपल्या घरचं दही! कुणी लावलं?" आणि मी मूर्ख, आनंदाने फुगून म्हणाले, "मी लावते, काकू."

जेवण झाल्यावर त्या खाली फेरी मारायला गेल्या. इथे जर्मनीत दारावर फ्लॅटचा नंबर नसतो, खालच्या बेलवर आडनाव असतं. ताईच्या आडनावाखाली माझं होतं. ते त्यांनी वाचलं आणि वर आल्या. ताईला विचारलं, माझ्यासमोरच, "ही त्यांच्यातली का गं?" मग माझ्याकडे वळल्या. "इथे तुम्हाला कोटा नसतो ना? मग कसं जमणार?"

ताईला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आडनावाची ती पट्टी तिनेच छापून चिकटवली होती.

मी परभणीची. आई आशा सेविका. तिच्यामागे वस्तीभर फिरत मी वाढले आणि डोक्यात एकच बसलं, जीवशास्त्र शिकायचं. पण नुसत्या बारावीवर इथलं विद्यापीठ घेत नाही. आधी श्टुडिएनकोलेगमध्ये वर्षभर तोच अभ्यास जर्मनमध्ये करायचा, शेवटी परीक्षा द्यायची, पास झालात तरच विद्यापीठाचं दार उघडणार. नाहीतर बॅग भरा आणि चला परत.

डार्मश्टाटमध्ये खोली मिळणं म्हणजे देव भेटणं. ताईने तिच्या फ्लॅटमधली छोटी खोली मला भाड्याने दिली. ती औषधांवर संशोधन करायची. रोज संध्याकाळी मला घेऊन बसायची. पेशीचे भाग, मूत्रपिंड, एन्झाइम, सगळी जर्मन नावं माझ्याकडून घोकून घ्यायची. चुकले की टपली मारायची. मला सख्खी बहीण नाही. मी तिलाच बहीण मानलं होतं, अगदी मनापासून.

आणि ते विरजण. ते काकूंच्याच घरचं होतं! लग्नानंतर ताई इकडे निघाली तेव्हा त्यांनी रुमाल दह्यात बुडवून, वाळवून तिच्या बॅगेत घातला होता. इथल्या दुधात भिजवून ताईने पहिलं दही लावलं. पण तिची लॅब, तिच्या ट्रिपा. मी आले तेव्हा फ्रिजच्या कोपऱ्यात वाटीच्या तळाला आंबट चमचाभर उरलं होतं. मी दूध कोमट केलं, विरजण लावलं, भांडं माझ्या लोकरी टोपीत गुंडाळून हायझुंगजवळ, म्हणजे भिंतीतल्या हीटरजवळ ठेवलं. पहिल्यांदा पाणीच झालं, दुसऱ्यांदा तार आली. मग कवडीसारखं लागलं. तेव्हापासून घरातलं दही लावणं माझ्याकडे होतं.

कोलेगमध्ये बाईंनी घरून दही आणायला सांगितलं, तेव्हा मी तेच नेलं. काचपट्टीवर पसरलं, निळा रंग दिला, मायक्रोस्कोपला डोळा लावला. बारीक काड्या, मण्यांच्या माळा. जिवंत! रोज विरजण लावणारी मी, ते जीव त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. फोटो ताईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "माझी शास्त्रज्ञ!"

तीच ताई बोटांनी दही ढकलत होती. रात्री माझ्या खोलीत येऊन हळूच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस. आई आहेत तोवर जरा सांभाळून घे. किचनमध्ये त्या झोपल्यावर येत जा."

मी मान हलवली. हो, हलवली. परीक्षा तोंडावर होती, दुसरं छप्पर नव्हतं. काकू होत्या तोवर मी खोलीत ब्रेड खाल्ला, आणि पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची नाहीत. आईला फोनवर सांगितलं नाही. काय सांगणार? विमानात बसून इतक्या लांब आले आणि इथेही तेच?

काकू पुण्याला गेल्या. दुसऱ्याच संध्याकाळी ताई वाटी घेऊन माझ्या दारात. जसं काही घडलंच नाही.

"अगं, सुपरमार्केटच्या योगुर्टचं दही नीट लागतच नाही. थोडं विरजण दे ना. तुझ्याकडे असेलच."

होतं. माझ्या वर्गातल्या नस्रीनला, इराणच्या, मी आधी दिलं होतं. तिने तिच्या घरी ते चालू ठेवलं आणि मला वाटीभर परत दिलं. माझ्या वाटीला शिवून हात न धुता, माझं आडनाव न विचारता दिलं. तेव्हा मी तिच्या गळ्यात पडून रडले होते.

ती विरजणाची वाटी ताईच्या डोळ्यांसमोर माझ्या टेबलावर होती. माझा हात पुढे जायला निघाला. खरंच निघाला. इतकी माया होती माझी तिच्यावर.

"आहे," मी म्हणाले. "पण देणार नाही."

"अगं, मी तशी नाहीये. तुला माहितीये ना?"

"मग त्या दिवशी सिंकपाशी कोण होतं, ताई?"

ती रडायला लागली. मी तिचे डोळे पुसले नाहीत. ते काम माझं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी नस्रीनच्या घरी राहायला गेले. खोली कसली, दोघींत एक पलंग. परीक्षा अजून व्हायची आहे. मूत्रपिंडाची जर्मन नावं आता मी एकटी घोकते, आणि चुकले की डोक्यावर टपली यायची वाट बघते. ती येत नाही. मी पुढचं पान उलटते. परीक्षा मी पास होणार. विद्यापीठाच्या दारातून जाणार, याच आडनावाने.

गेल्या गेल्या पहिलं काम केलं ते बेलवर पट्टी लावायचं. ठसठशीत अक्षरात. दही रोज लागतं. विरजण हवं असेल तर कुणीही या, ताई, तूसुद्धा ये. पण खाली उभी राहून आधी माझं आडनाव वाच. मोठ्याने, चार लोकांत. मगच बेल वाजव.