पाय राखून कापणारी हर्मिंदा

आमच्या किनाऱ्यावर कोचायुयो कापणाऱ्या बायका पुष्कळ, पण पाय राखून कापावं ते हर्मिंदानेच. खडकाला घट्ट धरून बसलेल्या या समुद्री शेवाळाचा बुंधा, तो पाय. तो सोडून वरचे लांब पट्टे तेवढे घ्यायचे, आजूबाजूच्या पिल्लांना, म्हणजे नुकत्या फुटलेल्या कोंबांना, सुरी लागू द्यायची नाही. एखादीने घाई केली की हर्मिंदा ओरडायची, "अगं भवाने, पुढच्या वर्षी काय दगड शिजवशील?" तिचा काळा खडक आजीकडून आलेला. अर्ध्या गावाचा बटाट्याचा रस्सा त्याच्या जिवावर.

तिच्या सोबतीला सुनिल्दा. हर्मिंदाच्या लेकीची ती धर्ममाय, म्हणून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या. एकीने कमरेला दोरी बांधून लाटांत उतरायचं, दुसरीने वर टाच रोवून दोरी धरायची. चाळीस वर्षं हे असं चाललं. जीवच एकमेकींच्या मुठीत, आता बोला!

मे महिन्यात हर्मिंदा घसरली आणि खुबा मोडून बसली. सुनिल्दा रोज सूप घेऊन यायची.

"कोमाद्रे, माझा खडक तेवढा सांभाळ गं."

"ते काय सांगायला हवं? नजर लागेल असा भरलाय."

हर्मिंदा सुखावायची. पुन्हा उभं राहायचं ते त्या खडकासाठीच, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. काठी घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायची, कळ आली की खुब्याला शिव्या द्यायची.

ऑक्टोबरात तिच्या नातवाला दात येऊ लागले. आमच्याकडे पोराच्या हिरड्या शिवशिवल्या की वाळका कोचायुयो चावायला देतात. सुनिल्दाने मुद्दाम कोवळा तुकडा पाठवला, लाल दोरा बांधून. पोरगं लाळ गाळत खूश. हर्मिंदाने कौतुकाने तुकडा हातात घेतला, उलटा केला, आणि उजेडात धरला.

खाली पाय होता. अख्खा! आपोआप उपटून वाहून आलेल्या कोचायुयोचा पाय लाटांनी झिजलेला असतो. याच्यावर लोखंडी पहारेचा सरळ घाव होता आणि कडेला काळ्या दगडाची कपची चिकटलेली. आमच्या किनाऱ्यावर काळा खडक एकच.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती काठी टेकत गेली. खडक पार खरवडलेला. पिल्लूसुद्धा शिल्लक नाही. शेजारच्या आपल्या खडकावर सुनिल्दा कमरेला दोरी गुंडाळत होती.

"कोमाद्रे! तू इथे? असल्या खुब्याने?"

"हे कुणी केलं?"

सुनिल्दाने नजर चुकवली. "कारखान्याचा ट्रक येऊन कोचायुयो वजनावर विकत घेत होता गं. पायासकट वजन जास्त भरतं. आणि मला वाटलं, या वयात तू कसली परत पाण्यात उतरतेस!"

"म्हणजे जिवंतपणीच पुरलंस मला? आणि वर रोज सूप पाजत सांगत होतीस, भरलाय म्हणून! केसाने गळा कापलास माझा, सुनिल्दा."

"तीन-चार वर्षांत येईल की पुन्हा."

"सत्तरी उलटली माझी. तीन-चार वर्षं काय बाजारात मिळतात?"

सुनिल्दा रडायला लागली. खोटं नव्हतं ते रडणं, पण उपयोग काय? "चुकलं माझं. माझ्या खडकातलं अर्धं तुझं. तू पाण्यात उतरूही नकोस, नुसती वर बसून माझी दोरी धर. दुसऱ्या कुणाच्या हातात मी जीव देणार नाही, तुला ठाऊक आहे." तिने दोरीचं टोक पुढे केलं.

सवयीने हर्मिंदाचा हात उठला. दोरी बोटांना लागली तसा तिने तो मागे घेतला.

"दुसरी कुणी बघ," ती म्हणाली. "उद्या ही दोरी सुटली, तर निसटली की मी सोडली, ते माझं मलाच सांगता यायचं नाही."