स्टार्टरचं लाल बटण

पोरांनो,

तुम्ही पाठवलेलं पार्सल परवा पोचलं. आतला गेमचा कंट्रोलर छान आहे, पांढराशुभ्र, आणि त्याची बटणं बोरांएवढी मोठी आहेत. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय, 'आजी, आता तरी तो भंगार डबा फेकून दे.' डबा मी फेकणार नाही. का ते फोनवर सांगायला गेले की तुम्ही हसायला लागता आणि बोलणं तुमच्या कुत्र्यावर जातं, म्हणून आज बसून लिहिते आहे. शिवाय या सगळ्याच्या मुळाशी तुम्हा दोघांची एक लबाडी आहे. तिच्याबद्दल आपलं अर्धवटच बोलणं झालं. कागदावर तुम्हाला मध्ये तोंड घालता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

मागच्या वेळी रिसोडला आलात तेव्हा गेमचं मशीन इथेच टीव्हीखाली ठेवून गेलात. 'आजीला करमेल' असं म्हणालात. मारामारीचा गेम. करमण्यासाठी मला भजनाच्या सीडी देणारे लोक माहीत होते, लाथा मारायला शिकवणारे तुम्हीच पहिले. दर रविवारी सकाळी सात वाजता, म्हणजे तुमच्याकडे शनिवारी रात्री, आपण इंटरनेटवरून खेळायचं असं ठरलं. मी निवडला पोट सुटलेला पहिलवान. बाकीचे सगळे हवेत कोलांट्या मारतात, हा सावकाश चालतो. मीही सावकाश चालते.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी वही आणली, रकाने आखले, कोणत्या बटणानं कोणता ठोसा ते लिहून काढलं आणि महत्त्वाच्या ओळींखाली लाल शाईनं रेघ मारली. परीक्षेला बसले असते तर पहिली आले असते. पण खेळताना पहिलवान मार खायचा. चार बटणं उजव्या अंगठ्यानं दाबायची, आणि माझ्या उजव्या अंगठ्यानं पस्तीस वर्षं शाळेत खडू धरलाय. त्याचा सांधा झिजला आहे असं डॉक्टर म्हणतात. अंगठ्याचं स्वतःचं म्हणणं याहून वाईट आहे. आणि समोरचा मारायला आला की आडवे हात धरून बचाव करायचा, ते बटण कंट्रोलरच्या मागच्या बाजूला, तर्जनीखाली. मला ते ऐन वेळी कधीच सापडायचं नाही.

तरीही दर रविवारी शेवटचा डाव मी जिंकायची. मग मी दिवसभर खुशीत असायची आणि भेटेल त्याला सांगायची.

तुमची छोटी आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, घराच्या पलीकडच्या भागात राहते. सकाळची भाजी बाजारात घालून आली की ती माझ्याकडे चहाला टेकते. एका रविवारी तिनं पूर्ण डाव पाहिला आणि बशी खाली ठेवली.

"बाई, पोट्टे मुद्दाम जिकू देऊन राह्यले तुमाले."

"काहीतरीच काय बोलतेस."

"मंग त्याचा गडी नुस्ता उभा काहून व्हता? वावरातलं बुजगावणं बी वारा आला त हालते."

मी तिला सांगितलं की तिला या खेळातलं काही कळत नाही. पुढच्या रविवारी मी दोन डावांच्या मध्ये पाणी प्यायला उठले, आणि तुम्हाला वाटलं तुमचा माइक बंद आहे. धाकट्या, तू इंग्रजीत म्हणालास, शेवटचा तिला देऊन टाकू, नाहीतर बिचारी खेळणं सोडून देईल. आणि थोरले, तू म्हणालीस, मागच्या वेळी तू हरलास, आज हरायची पाळी माझी.

जिनं जन्मभर इंग्रजी शिकवलं तिच्यापासून लपवायची गोष्ट तुम्ही इंग्रजीत बोललात. निदान शाळेत शिकता त्या फ्रेंचमध्ये तरी बोलायचं!

मी पाण्याचा पेला ठेवून परत येऊन बसले. शेवटचा डाव 'जिंकले', तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मी टीव्ही बंद केला. खरं सांगते, हरण्याचं मला काही वाटत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात संगीत खुर्चीमध्ये मी दरवर्षी पहिल्या फेरीत बाद व्हायची. पण मुद्दाम जिंकवतात ते आजारी माणसाला, किंवा चार वर्षांच्या पोराला. मी दोन्ही नव्हते. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. धाकट्यानं माझ्याशी एक डाव खरा खेळावा. मला खरा मार द्यावा. त्यासाठी आधी मी मार देण्याच्या लायकीची दिसायला हवी होते, आणि त्यासाठी हातातलं यंत्र माझ्या हाताला जमायला हवं होतं.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. मी म्हणजे विचार, आणि छोटी आजी म्हणजे टोमणे. आधी मी मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन बटणांची अदलाबदल केली. बचाव अंगठ्याखाली आणला, तर अंगठा एकटाच सगळं करून थकला. मग कंट्रोलर पाटावर ठेवला आणि पेटी वाजवावी तशी वरून बोटं चालवली. कंट्रोलर घसरून चहात गेला. छोट्या आजीनं वाटायच्या पाट्याखाली घालतात तसं ओलं फडकं त्याच्याखाली घातलं. घसरणं थांबलं, पण मागचं बटण आता पाटाकडे तोंड करून होतं, ते दाबणार कोण? "पायानं दाबा," ती म्हणाली, आणि स्वतः खुर्चीत बसून कंट्रोलर जमिनीवर ठेवून दोन्ही पायांनी खेळून दाखवलं. मी दुसऱ्या कंट्रोलरवर, वहीसकट. तिनं मला अर्ध्या मिनिटात आडवं केलं. या गोष्टीचा उल्लेख मी कुणाजवळ केलेला नाही, तुम्हीही करू नका.

त्याच डावात तिच्या एक लक्षात आलं.

"बाई, माझा गडी माराले आला का तुमी उजवा हात बाजूले कायले मारून राह्यल्या?"

"मी कुठे मारते?"

"आता मारला. खुर्चीच्या दांडीवर. फटकन. तुमी स्टार्टर शोधून राह्यल्या काय?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. तळवा लाल झाला होता.

तुम्हाला हे कळणार नाही, म्हणून थोडं मागचं सांगते. माझ्या लग्नानंतर बरीच वर्षं विहिरीवरची मोटार मी आणि छोटी आजी चालवायचो. पहाटे वीज असायची तेव्हा ती वाफ्यांत पाणी वळवायची, आणि मी मोटारीच्या खोलीत उलट्या डब्यावर बसून शाळेच्या वह्या तपासायची. उजव्या हाताला भिंतीवर स्टार्टर. हिरवं बटण दाबलं की मोटार चालू, लाल दाबलं की बंद. विजेच्या तीन फेजांपैकी एक मध्येच गेली की मोटार फिरायची थांबते, नुसती गुरगुरते आणि बघता बघता जळते. तो गुरगुराट आला की मान वर न करता उजवीकडे तळहाताची थाप मारायची, लाल बटणावर. मला कधी आवाज आला नाही तर वाफ्यातून छोटी आजी ओरडायची, "बाई, लाल!" कितीतरी वह्यांवर माझ्या शेऱ्यांच्या रेघा मध्येच उडालेल्या असायच्या, त्या यामुळे. आमची मोटार एकदाही जळली नाही.

म्हणजे बचाव मला येत होता. बटण चुकीच्या जागी होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन कंट्रोलरपैकी जुना पिशवीत घातला आणि मोटारी भरून देणाऱ्याकडे, म्हणजे जळलेल्या मोटारींत नवी तार गुंडाळणाऱ्याकडे, गेले. बाजाराजवळ त्याचं दुकान आहे, तांब्याच्या तारांच्या ढिगात तो बसलेला असतो. तो माझा विद्यार्थी, इंग्रजीत सलग तीनदा नापास, आणि हातात अशी कला की जिल्ह्यातून लोक येतात.

"बाई, हे कायले लावायचं?"

"मारामारीला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कंट्रोलरकडे. "कोणाले मारायचं हाये?"

"माझ्या नातवाला."

"मंग मजबूतच बनवा लागते," तो म्हणाला आणि भंगारातून एक जुना स्टार्टर काढला.

मी त्याला कागदावर आकृती काढून दिली. डाव्या हाताची, पहिलवानाला चालवायची काडी आहे तशी राहू दे, डावा अंगठा धड आहे. उजवीकडे चार हल्ल्यांची बटणं नकोत, दोन पुरे, एक ठोसा आणि एक लाथ. दोन्ही हिरवी. आणि या दोघांपासून वीतभर लांब, उजव्या टोकाला, लाल. चार दिवसांनी डबा तयार झाला. पत्र्याचा, करड्या रंगाचा, मांडीवर ठेवला की पावशेर कमी चार किलोचा वाटावा असा. कंट्रोलर त्याच्या पोटात गेला होता, फक्त काडी वर डोकावत होती.

घरी येऊन लावला, तर पहिलवान मुळात हालेचना. सुरुवातीपासून दोन्ही हात तोंडापुढे धरून उभा. छोट्या आजीनं लाथ मारायला घेतली, मी लाल बटणावर सणसणीत थाप मारली, आणि माझ्या पठ्ठ्यानं बरोबर त्याच क्षणी हात खाली घेतले आणि लाथ पोटात घेतली. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. छोटी आजी हसून हसून जमिनीवर लोळत होती.

मी डबा घेऊन परत दुकानात. त्यानं दोन मिनिटं विचार केला आणि कपाळावर हात मारला. स्टार्टरचं लाल बटण करंट सोडत नाही, दाबलं की करंट तोडतं. त्यामुळे बचाव कायम चालू, आणि मी थाप मारली की बंद. "बाई, मोटारीच्या हिशेबानं बरोबर केल्लं मी," तो म्हणाला. मी म्हटलं, हे वाक्य तू परीक्षेतही असंच म्हणायचास. त्यानं आत हिरव्या बटणाची पट्टी बसवली, वर लाल टोपी लावली, आणि शिवाय माझ्या पाया पडला.

त्या रविवारी छोटी आजी बाजाराला गेलीच नाही. वांगी नवऱ्याबरोबर पाठवली आणि सात वाजायच्या आधी माझ्या शेजारी येऊन बसली.

धाकट्या, पहिल्या डावात तू नेहमीसारखा हळूहळू, लाडानं मारायला आलास. मी थाप मारली. पुन्हा आलास, पुन्हा थाप. मग मी एक ठोसा दिला आणि घड्याळ संपेपर्यंत नुसती लाल बटणावर हात दाबून बसले. घड्याळ संपलं, ज्याला मार कमी लागला तो जिंकला. हे सभ्य खेळणं आहे का? अजिबात नाही. पण नियमात बसतं.

"आजी, दिस इज सो अनफेअर! तू फक्त ब्लॉक करतेयस!"

"जमत नसेल तर सांग," मी म्हटलं, "शेवटचा डाव मी तुला देऊन टाकते."

तिकडून थोरली फिस्सकन हसल्याचं ऐकू आलं. आणि मग दुसरा आवाज आला, खुर्ची पुढे ओढल्याचा. तोच मला हवा होता.

दुसऱ्या डावात तू माझ्या जवळ आलास, पहिलवानाला पोटाला धरून उचललंस आणि आपटलंस. पकडीपुढे बचाव चालत नाही, हे माझ्या वहीत होतं, पण सहाव्या रकान्यात, तिथवर नजर पोचायच्या आत मी आडवी. तो डाव तुझा. तिसऱ्यात मी वही मिटली. तू पकडायला आलास की मी लाथ, तू लाथ मारायला आलास की थाप. डबा मांडीवर ढोलासारखा वाजत होता आणि छोटी आजी कानाशी ओरडत होती, "लाल! अवं बाई, लाल! मोटार जळून राह्यली!" तुझा थोडासा जीव उरला होता, माझाही. मी हिरवं दाबायला गेले आणि तू माझ्याआधी दाबलंस.

पहिलवान पाठीवर पडला.

"येस! येस! टेक दॅट, ओल्ड लेडी!" तू अख्ख्या घराला ऐकू जाईल असा किंचाळलास.  मग बारीक आवाजात, "सॉरी आजी."

मी तुला इंग्रजीत सांगितलं की वाक्यरचना बरोबर आहे, आणि मागे एका रविवारी तुमचा माइक चालू होता.  छोटी आजी म्हणाली, "काय सांगतलं तुमी? पोट्टे मेले काय तिकडे?"

त्यानंतर तुम्ही कुणीही मला एकही डाव दिलेला नाही. मी बहुतेक वेळा हरते. दोनदा जिंकले, आणि दोन्ही वेळा धाकट्यानं दोन दिवस फोन घेतला नाही, त्यावरून जिंकले हे नक्की. बोरांएवढ्या बटणांचा तो नवा कंट्रोलर मऊ आहे, तुमची माया त्यात दिसते, आणि छोट्या आजीनं तो कालच पळवलाय. ती पायांनीच खेळते. तिच्यापासून जपून राहा.

विहिरीवरचा जुना स्टार्टर आता राहिला नाही. मोटार मोबाइलवरून चालू-बंद होते आणि फेज गेली तर आपली आपण थांबते, तिथे थाप मारायला कुणी बसत नाही. माझा उजवा अंगठा आता कपाचा कानही धरत नाही. डबा टीव्हीखाली आहे. दोन हिरवी आणि एक लाल, तिन्ही बटणं चालतात. लाल टोपीचा रंग मधोमध उडाला आहे, तळहात पडतो तिथे.