वाढ्याचे पैसे

मॅनेजरनं माझं नोटांचं बंडल टेबलाच्या काचेवर आपटलं. ज्वारीचा कोंडा सांडला. त्यातून एक सोंडकिडा निघाला आणि काचेवरून चालायला लागला.

"राव, पैसे आणलेत का दळण?"

अख्खी बँक हसली. शेजारच्या खुर्चीवरचा बागायतदारही हसला. त्याच्यापुढं नोटांनी भरलेली पिशवी होती आणि चहाचा कप होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

मला विचारलं. "एवढी रोकड कुठून आणली?" मग अर्जावरचं माझं आडनाव परत वाचलं. "खरं काय ते सांगा. उद्या पोलीस आमच्या दारात नकोत."

दोन हजार आठ-नऊची गोष्ट. मी अवसरीला कॉलेजात लॅब असिस्टंट. मंचरला दोन खोल्यांचा फ्लॅट ठरवलेला. कर्ज बँक देणार, पण सुरुवातीचा हिस्सा आपण भरायचा. तो आईनं दिला होता. कणगीत, ज्वारीखाली, फडक्यात बांधून ठेवलेला.

आणि मी म्हणालो, "सासऱ्यांनी दिले."

"मग त्यांचं पासबुक आणा."

सासऱ्यांच्या पासबुकात काय असणार? शेवटी खरं बोललो. बागायतदाराला ऐकू जाऊ नये इतकं हळू. "आईचे आहेत. वाढं विकून साठवलेत."

ऊस तोडला की वरचा हिरवा शेंडा तोडणाऱ्याचा. तेच वाढं. त्याच्या पेंढ्या बांधायच्या, रस्त्याकडेला बसायचं, गायीवाले घेऊन जातात. आई पारगावच्या बाजूला दर हंगामात ऊस तोडायची आणि ऊन कललं की पेंढ्या घेऊन रस्त्याला बसायची. तोडीचे पैसे घरात खपले. वाढ्याच्या पैशाला तिनं हात लावला नाही.

मला याची लाज वाटायची. एकदा कॉलेजच्या जीपमधून साहेबांबरोबर चाललो होतो. आई पेंढ्यांपाशी बसलेली. तिनं हात वर केला. मी दुसऱ्या खिडकीतून उसाकडं बघत राहिलो. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "जीप लई जोरात व्हती."

मॅनेजर म्हणाला, "ज्यांना विकलं त्यांच्याकडून लिहून आणा."

आईकडून सगळ्यात जास्त वाढं कुणी घेतलं असेल तर आण्णांनी. मोठा गोठा, मोठी जमीन. मी त्यांच्या ओट्याखाली उभा राहिलो. त्यांनी बस म्हटलं नाही.

"वाढं घेतलं म्हून लिवून देऊ? मी? उद्या लोक म्हनतील, आण्णाचा गोठा तुज्या आयच्या जिवावर चालतो!" गडीमाणसं खिदळली. "आसं लिवतो, गरीब बाईला घरासाठी मदत केली. माझी सही बघितली की मॅनेजर हुबा ऱ्हाईल."

"आण्णा, पण मदत नव्हती ती."

"फ्लॅट पायजे का न्हाई तुला?"

पाहिजे होता. मी ती चिठ्ठी घेतली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आईला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "काय लिवलंय?" मी म्हणालो, "वाढं घेतल्याचं लिहिलंय." ती खूश झाली. म्हणाली, "मानूस बरा हाय तसा." दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्याबरोबर बँकेत आली.

मॅनेजरनं सही बघितली. लगेच खुर्ची दिली, चहा सांगितला.

"हे आधी नाही का सांगायचं? उगाच ते वाढं-बिढं! मावशी, आण्णांचे उपकार आहेत हो तुमच्यावर. एवढे पैसे कोण देतं?"

आईनं कप खाली ठेवला.

"कोनी दिलं?"

मॅनेजरनं चिठ्ठी वाचून दाखवली. आई माझ्याकडं बघत राहिली. तिचे हात टेबलावर होते. उसाच्या पानांनी चिरलेले, कोयत्यानं घट्टे पडलेले. पुरावा काचेवर ठेवलेला होता आणि तो कुणालाच दिसत नव्हता. मलासुद्धा इतकी वर्षं दिसला नव्हता.

"त्यो माझ्यासंगं चार आण्यासाठी भांडायचा," ती म्हणाली. "तू मला काय सांगितलं व्हतं?"

मी मॅनेजरच्या हातातून चिठ्ठी ओढून घेतली.

"अहो, काय करताय? मंजूर होतंय कर्ज!"

"दान लिहिलं की मंजूर. कष्ट लिहिले की चोरी." माझा आवाज चढला होता. या वेळी हळू बोललो नाही. "हे पैसे माझ्या आईचे आहेत. तिनं ऊस तोडला, वाढं विकलं. अर्जावर तसंच लिहा."

"तसं नाही लिहिता येत."

"मग नाही घेत तुमचं कर्ज."

फ्लॅट गेला. बिल्डरला दिलेला विसार बुडाला. आईचे पैसे परत कणगीत गेले. चिठ्ठी मी आण्णांच्या ओट्यावर त्यांच्या पुढ्यात ठेवली. "मस्ती आली व्हय रं?" ते म्हणाले. मी म्हणालो, "तुमच्या गायी आईनं पोसल्या. मदतीचं लिहायचंच असेल तर ते लिहा."

आई त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. पुढंही बरेच दिवस नाही. माफ केलं, असं कधी म्हणाली नाही. मी माफी मागितलीही नाही. मागायचं तोंड नव्हतं.

मी अजून भाड्याच्या खोलीत राहतो. घर घेणार आहे. कोण्या आण्णाच्या सहीवर नाही. कुणी विचारलं पैसे कुठून आणले, तर वाढं विकून, असं सांगणार. शेजारच्या खुर्चीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आणि मग त्या खुर्चीकडं वळून विचारणार, आता तुमचे सांगा. तुमची जमीन कुणी कसली, तुमचा ऊस कुणी तोडला, त्यांच्या हातावर काय टेकवलंत.

चहा नको. उत्तर मिळेपर्यंत उठणार नाही.