चिंचेनं घासलेला कुत्रा

चिंच भिजत घातली की त्या आंबट वासानं आजही माझं डोकं तापतं. मी ब्राँझचे कुत्रे घडवते. सोलापुरातलं माझं पहिलंच प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं, तेव्हा कुत्र्यापेक्षा माझंच शेपूट वर! तिथं मांडायच्या कुत्र्यावर महिनाभर खपून काळसर हिरवी झाक चढवली होती. सकाळी बघते तर सासूबाईंनी तो देवांसोबत चिंचेनं घासून लख्ख पिवळा केलेला. "आत्याबाई, वाटोळं केलंत की!" मी किंचाळले. "लई काळवंडला हुता गं. देवासंगं घासला, त्यात काय बिघडलं?" "कुत्री कसली करतीस, देव कर की," म्हणून वर्षभर टोचणाऱ्या बाईनं माझा कुत्रा देवांत बसवला होता, ते मला शहाणीला दिसलंच नाही. अबोला धरून मी तो दोन दिवसांत जमेल तसा पुन्हा काळा केला. पुढं माझे कितीतरी कुत्रे गाजले. सासूबाईंनी मात्र एकालाही हात लावला नाही. डोकं तापतं ते माझ्यावरच.