मिशी आणि मास्क

मी रोज सकाळी सासऱ्यांबरोबर सायकलवर जाते, हे शाळेच्या स्टाफरूममध्ये पहिल्यांदा कुणाला खरंच वाटलं नव्हतं. मामंजी तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते आणि मी चव्वेचाळीसची. ते सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत होते आणि नोकरीची सगळी वर्षं नल्लकुंट्याच्या आमच्या घरून सायकलनेच गेले. रिटायर झाल्यावरही सायकल सुटली नाही. माझी शुगर काठावर आली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा तेच म्हणाले, "चालतीस काय एकटी? सायकलवर चल माझ्यासोबत." नवऱ्याची कॉलेजातली सायकल माळ्यावरून खाली काढून त्यांनी स्वतः तिचे ब्रेक बसवले, सीट खाली केली आणि मागच्या मडगार्डला लाल रंगाची टिकली चिकटवली.

आमचा रस्ता ठरलेला. विद्यानगरवरून अडिकमेटचा पूल चढायचा, पलीकडे विद्यापीठातल्या झाडांखालून एक मोठा फेरा मारायचा, टपरीवर अर्धा अर्धा चहा घ्यायचा आणि परत. मग मी आवरून हिमायतनगरला शाळेत गणित शिकवायला.

ऑक्टोबरपर्यंत सगळं छान चाललं. मग सप्तपर्णी फुलली. दुसऱ्यांना तिचा वास गोड लागतो म्हणे, मला मात्र तो आला की नाकात कुणी गवताची काडी फिरवावी तसं होतं. त्यात रस्त्याकडेला गाजरगवत माजलेलं. एका सकाळी पुलाच्या उतारावर मला ओळीनं पाच शिंका आल्या. शिंकताना डोळे मिटतात, हे सायकलवर बसल्यावरच नीट कळतं. डोळे उघडले तेव्हा सिटी बस माझ्या कोपराच्या इतक्या जवळून गेली की तिची ऊब लागली.

मामंजी मागून ओरडले नाहीत. पुढे येऊन त्यांनी माझं हँडल धरलं, मला फुटपाथवर बसवलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. "घरी सांगू नको," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मेडिकलमधून तीन प्रकारचे मास्क आले.

पहिले काही दिवस मी रुमाल बांधला, मग निळा पातळ मास्क, मग तो जाड, चोचीसारखा पुढे आलेला. मामंजी मागून सायकल चालवत माझ्या शिंका मोजायचे, अगदी मोठ्यानं. "अकरा! बारा!" विद्यापीठात फिरायला येणारी माणसं वळून बघायची. घरी आलो की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं आकडा. सासूबाई विचारायच्या, "आज गॅस बुक केला का काय?"

रुमालानं काही फरक पडला नाही. निळ्यानं थोडा पडला. जाड मास्कच्या आठवड्यात आकडे तीन-चारवर आले. पण डोळ्यांतलं पाणी तसंच राहिलं, चष्म्यावर वाफ धरायची आणि पुलाच्या चढावर मी मास्क हनुवटीवर ओढून माशासारखं तोंड उघडायची.

"मामंजी, एका आठवड्यावरून काही सिद्ध होत नाही," मी म्हणाले. "त्या आठवड्यात दोनदा पाऊसही पडला होता. धूळ खाली बसली असेल."

"शिंका कुणाला येत होत्या?"

"मला."

"तुला बरं वाटलं का नाही?"

"वाटलं."

"हौ. मग घाल."

ते स्वतः मात्र घालत नसत. का घालत नाहीत हे मी विचारलंही नव्हतं. डिसेंबरात एकदा मी पहाटे पाणी प्यायला उठले तर बाथरूममध्ये नळ सोडलेला आणि त्या पाण्याच्या आवाजाखाली खोकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी मी बाहेर उभी राहिले. दार उघडून मला बघितल्यावर ते चोरी पकडल्यासारखे हसले.

"कधीपासून?"

"थंडीत होतं थोडं. तुझ्या सासूला सांगू नको. सायकल बंद करील."

घरच्यांपासून लपवायच्या आता दोन गोष्टी झाल्या होत्या. मला ते पटलं नाही. मी त्यांना छातीच्या डॉक्टरकडे नेलं आणि सासूबाईंना सांगूनच नेलं.

डॉक्टरीणबाई तेलुगू, वयानं माझ्याएवढ्या. त्यांनी मामंजींना नळीत फुंकायला लावलं, छाती तपासली, मग श्वासातून औषध ओढायचा पंप लिहून दिला. फार काळजीचं नाही म्हणाल्या, पण गाड्यांच्या धुरात रोज जोरजोरात श्वास घेणं चांगलं नाही. मामंजींनी हिंदीत सरळ विचारलं, मास्कनं फायदा होतो की नाही?

"नीट बसला तर धूळ, परागकण बरेच अडतात," त्या म्हणाल्या. "धुरातलं सगळं अडत नाही, वायू आत जातोच. आणि चढावर दम लागला तर उतरायचं, हट्ट करायचा नाही. मोठा रस्ता टाळा, गर्दीच्या आधी निघा. त्याचा उपयोग मास्कपेक्षा जास्त होईल."

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक जाड मास्क काढून मामंजींच्या तोंडावर बसवला आणि त्यांचा तळहात त्यांच्याच गालाजवळ धरला. "जोरात श्वास सोडा. हवा लागते?"

"लागते."

"जशी बाहेर जाते तशीच आत येते. गाळल्याशिवाय." त्या थोड्या संकोचल्या. "अंकल, मिशी मधे येते."

मामंजींची मिशी साधीसुधी नव्हती. दोन्ही गालांवर पसरून टोकं वर वळलेली. दर रविवारी आरशापुढे बसून छोट्या कात्रीनं तासभर तिची निगा चाले. लग्नाच्या फोटोत ती आहे, नोकरीच्या ओळखपत्रावर आहे. घरी येताना रिक्षात ते सारखी तिची टोकं पिळत होते.

रविवारी ते सकाळी बाहेर पडले आणि अकराला जाड मास्क लावून परत आले. सोफ्यावर बसून त्यांनी पेपर उघडला. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"घरात कशाला तोंड बांधलंय?"

"सवय करायलो."

तास गेला. चहा आला, नको म्हणाले. ह्या माणसानं चहाला नको म्हटलेलं मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याच्या कानात सांगितलं. आम्ही दोघं दारात येऊन उभे राहिलो.

जेवायला पानं वाढली. मामंजी ताटासमोर बसले, वरणभाताकडे बघत राहिले आणि मग त्यांनी मास्क काढला.

सासूबाईंच्या हातात तुपाची वाटी होती. ती तशीच अधांतरी राहिली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचा वरचा ओठ कधी पाहिला नव्हता. मामंजी इतके लहान दिसत होते, इतके उघडे, की मलाच नजर दुसरीकडे वळवावीशी वाटली.

"बघा आता एकदाचं," ते पुटपुटले.

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. जवळ जाऊन त्यांनी त्यांच्या ओठावरच्या फिकट पट्ट्यावरून बोट फिरवलं, आमच्यासमोर, काही न लाजता. आणि मग हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "अहो, तुम्ही तर तुमच्या धाकट्या बहिणीसारखे दिसायलात!"

मामंजीही हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. त्या दिवशी त्यांनी दोनदा भात घेतला.

आम्ही पूल सोडला. आता अर्धा तास लवकर निघून गल्ल्यागल्ल्यांतून जातो. मोठा रस्ता लागतो तेवढ्यापुरताच मास्क लावायचा आणि झाडांखाली शिरलं की काढायचा. माझा मात्र सप्तपर्णीच्या दिवसांत तोंडावरच असतो. फेब्रुवारीपर्यंत मामंजींचा खोकला जवळजवळ गेला. पंपानं गेला, गल्ल्यांमुळे गेला, मास्कमुळे गेला की थंडी सरली म्हणून, हे मला सांगता येणार नाही. मामंजी म्हणतात मास्कनं. एवढी मिशी दिली त्यांनी, दुसरं काय म्हणतील? आता त्यांनी एक बारीक मिशी ठेवली आहे, मास्कच्या आत मावेल एवढी. सासूबाईंनीच मापून दिली.

विद्यानगरच्या चौकात वाहतूक सांभाळायला एक होमगार्ड बाई उभी असते. गेल्या महिन्यात परतताना मामंजी तिच्यापाशी थांबले. "आपण तर तासाभरात घरी," मला म्हणाले, "ही दिवसभर इथंच." त्यांनी खिशातून जाड मास्कचं नवं पाकीट काढून तिला दिलं, नाकावरची पट्टी कशी दाबायची, हवा कुठून निसटते, सगळं समजावलं. तिनं मन लावून ऐकून घेतलं.

"अच्छा है अंकल," ती म्हणाली. "पन सीटी कैसा बजाऊं?"

तिच्या गळ्यातल्या शिट्टीकडे मामंजी बघत राहिले. मागून हॉर्न वाजायला लागले, तशी तीच हसली, मास्क लावला, पट्टी दाबली आणि दोन्ही हात पसरून रिक्षांपुढे जाऊन उभी राहिली. एक मोटारसायकल ऐकेना, तेव्हा मास्क खाली ओढून तिनं कान फाटतील अशी शिट्टी मारली, मास्क पुन्हा वर चढवला आणि आम्हाला जायची खूण केली.